डोंगरी बुजुर्गचा पत्ता : भूस्तर, नकाशा आणि नाव

इंग्रजी प्रवासवर्णनांच्या वाचकांना पॅट्रिक ली फर्मर हे नाव परिचयाचे आहे. १९३३च्या डिसेंबरात हा अठरा वर्षांचा तरुण हॉलंडच्या किनाऱ्यावरून पायी निघाला, कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला, आणि त्या वाटचालीचे पहिले पुस्तक त्याने १९७७ साली प्रसिद्ध केले. तो युरोपची धूळ तुडवत होता त्या सुमारास त्याचे वडील कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेचे प्रमुख होते. पितापुत्रांचा सहवास फार थोडा. साहित्याच्या इतिहासाने मुलाला लक्षात ठेवले. वडिलांना, म्हणजे लुई ली फर्मर यांना, भूशास्त्रज्ञांवाचून फारसे कोणी ओळखत नाही. परंतु भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर हा क्रम उलटा लावावा लागतो. पायी चालून लिहिण्याचे काम या घराण्यात वडिलांनी आधी केले होते, आणि त्यातले काही चालणे तुमसरच्या उत्तरेकडील टेकड्यांमधले होते.

लुई फर्मर १९०२ साली सर्वेक्षणात रुजू झाले. मध्य प्रांतात मँगनीजचे उत्खनन नुकतेच, म्हणजे विसावे शतक उजाडता उजाडता, नागपूरच्या बाजूस सुरू झाले होते. १९०५च्या सुमारास रशियातील अशांततेमुळे कॉकेशसातला पुरवठा विस्कळीत झाला, हिंदी मँगनीजला एकाएकी मागणी आली, आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या दोन्ही अंगांना खाणींचे अर्ज पडू लागले. कोणत्या गावाच्या शिवारात काय आहे हे सरकारला माहीत असणे निकडीचे झाले. त्या निकडीतून १९०९ साली सर्वेक्षणाच्या 'मेमॉयर्स'चा सदतिसावा खंड सिद्ध झाला : 'द मँगनीज-ओअर डिपॉझिट्स ऑफ इंडिया'. चार भागांचा हा प्रचंड ग्रंथ. खनिजविज्ञान, भूशास्त्र, खाणकाम व व्यापार, आणि शेवटच्या भागात एकेका ठेव्याचे वर्णन.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी या ग्रंथाकडे वळण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की हा ग्रंथ वाचताना जी क्रिया वाचकाला करावी लागते, ती आज एका लहानशा संगणकीय आज्ञावलीकडे सोपवली गेली आहे. आणि या सोपवण्यात काय साधते व काय निसटते, हा प्रश्न भूशास्त्राइतकाच आपलाही आहे. ग्रंथातले वर्णन एका पानावर असते, नकाशा दुसरीकडे घडी घालून ठेवलेला असतो. वाचक मजकुरातले गावाचे नाव मनात धरतो, नकाशावर बोट फिरवतो, नाव सापडले की तेथे थांबतो. वर्णन आणि जागा यांना जोडणारा दुवा म्हणजे ते बोट. भूशास्त्रीय डेटाबेस आणि नकाशा काढणारे सॉफ्टवेअर यांना जोडणारे जे प्लगइन असते, ते याहून निराळे काही करीत नाही.

आता ते बोट ज्या नावांवर फिरते त्या नावांकडे पाहू. फर्मर यांना अनेक नवे पदार्थ भेटले, आणि त्यांना नावे देणे त्यांच्या वाट्याला आले. आपल्या वरिष्ठांच्या नावावरून त्यांनी एका खनिजाला 'हॉलंडाइट' म्हटले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीवरून 'बेलडोंगराइट' आले, छिंदवाड्याकडील सीतापारवरून 'सीतापाराइट'. स्पेसार्टीन या मँगनीजयुक्त गार्नेटाचा आणि क्वार्ट्झचा बनलेला जो खडक या पट्ट्यात सर्वत्र आढळतो, त्याला त्यांनी गोंड जमातीवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. तो शब्द आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. पुढे सीतापाराइट हे पूर्वीच ज्ञात असलेले बिक्सबाइट होय असे निष्पन्न झाले आणि ते नाव मागे पडले. खुद्द फर्मर यांचे नावही सीतापारच्याच एका खनिजाला, 'फर्मराइट'ला, १९१० साली इतरांनी दिले. गाव, जमात, साहेब : तिन्ही प्रकारची नावे एकाच सूचीत, वर्णानुक्रमाने, समान हक्काने बसली.

थरांचेही तसेच. या पट्ट्यातील प्राचीन शैलसमूहाला 'सौसर' हे नाव मिळाले ते मध्य प्रदेशातल्या, पण मराठीभाषक वस्तीच्या, गावावरून. दक्षिणेकडील समूह 'साकोली' झाला. सौसर समूहाचे जे पोटविभाग पुढे रूढ झाले, त्यांची नावे खालून वर अशी : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिचुआ. यांपैकी सीतासावंगी हे तुमसर तालुक्यातले गाव. कधीकाळीच्या समुद्रतळावरील वाळू-चिखलाचे, अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचे थर. आणि त्यांना नाव काही शतकांच्या वस्तीचे. त्याहून मोठ्या प्रमाणावर पाहिले तर मध्य भारताच्या ज्या अतिप्राचीन भूखंडाला 'बस्तर क्रेटन' म्हणतात, त्याचे दुसरे नाव 'भंडारा क्रेटन' असे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव असे खंडाएवढे पसरलेले पाहून नवल वाटते.

परंतु नावे देण्याचे काम भूशास्त्रज्ञांनी सुरू केले असे समजण्याचे कारण नाही. मँगनीजच्या इतिहासात वारंवार येणारी तीन स्थळे घ्या : झाबुआकडील काजळीडोंगरी, नागपूरकडील बेलडोंगरी आणि भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्ग. तिन्ही नावांत 'डोंगरी' आहे, आणि हा निव्वळ योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते. गोंडाइट व त्याबरोबरचे कठीण मँगनीज-धातुक भोवतालच्या अभ्रकी खडकांपेक्षा झिजण्यास फार चिवट. ऊनपावसाने बाजूचा प्रदेश खचतो, हा खडक उभा राहतो. सपाट भातशेतीच्या मधोमध लांबट, काळसर टेकडी उठून दिसते. भूशास्त्रज्ञ जिला 'धातुकाचा उघडा पडलेला थर' म्हणेल तिला गावकऱ्याने 'डोंगरी' म्हटले. 'काजळी' या शब्दात तर काळेपणाचीही नोंद झाली आहे. हे थराचे विश्लेषण नव्हे हे खरे; पण ही निरीक्षणाची नोंद आहे, आणि ती ग्रंथापेक्षा कितीतरी जुनी आहे. या पट्ट्याचा पहिला भूशास्त्रीय डेटाबेस गावांच्या नावांत साठवलेला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'बुजुर्ग' या पदाचीही कथा आहे. फारसी 'बुज़ुर्ग' म्हणजे थोर, मोठा. 'खुर्द' म्हणजे लहान. महसुली कागदांतून हे शब्द गावाच्या नावाला चिकटले. पश्चिम महाराष्ट्राच्या जिभेवर 'बुज़ुर्ग'चे 'बुद्रुक' झाले आणि त्याचे मूळ आता सहजी ओळखूही येत नाही. भंडारा दीर्घ काळ मध्य प्रांतात होता, त्याच्या दप्तरावर हिंदुस्थानीची छाया होती, म्हणून तेथे 'बुजुर्ग' हे रूप टिकले. संक्षेप मात्र दोहोंचा एकच : 'बु.' रोमन लिपीत बुद्रुकचे 'बीके' होते. एकाच शब्दाच्या या तीन-चार वेशांतून प्रदेशाचा राजकीय इतिहास वाचता येतो. आणि नेमका येथेच यंत्राचा गोंधळ सुरू होतो.

तो समजण्यासाठी आधी नकाशाची बाजू पाहावी लागेल. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे अक्षांश-रेखांशांनुसार चौकोन पाडले. ५५ क्रमांकाचा मोठा चौकोन २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश यांमधला. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, 'ए'पासून 'पी'पर्यंत. भंडारा आणि तुमसर '५५ ओ'मध्ये येतात, दक्षिणेकडील पवनी '५५ पी'मध्ये. ऐंशीव्या रेखांशापलीकडे ६४ क्रमांकाची पत्रके सुरू होतात. साकोली या रेषेच्या अगदी काठावर आहे. या पत्रकांच्या तळाशी १८३०च्या एव्हरेस्ट-लंबगोलाचे गणित होते. आजचे उपग्रहाधारित स्थाननिर्देशन निराळा लंबगोल वापरते. त्यामुळे जुन्या पत्रकावरून वाचलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्या नकाशावर मांडले, तर विदर्भात शंभर मीटरहून अधिक अंतराने चुकतात. शंभर मीटर म्हणजे किती? खाणीचे तोंड बाजूच्या बांधीत जाऊन पडेल इतके. आकडा बरोबर, जागा चूक.

दुसरी अडचण सीमांची. १९५० पर्यंत भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६पासून द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६०पासून महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भूशास्त्रीय साहित्याच्या शीर्षकांवर याचे पडसाद स्पष्ट उमटले आहेत. स्ट्राचेक व सहकाऱ्यांचा १९५६चा निबंध 'मध्य प्रदेशातील' मँगनीज-ठेव्यांवर आहे. नारायणस्वामी व सहकाऱ्यांच्या १९६३च्या ग्रंथाला 'मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा लगतचा भाग' असे म्हणावे लागले. थर जागचे हलले नव्हते, राज्य हलले होते. १९९९पूर्वीच्या तक्त्यात 'जिल्हा : भंडारा' असे लिहिलेले असले तर ते ठिकाण आज गोंदियात असू शकते. यंत्राला ही शंका येत नाही.

खाणीही हात बदलत गेल्या. १८९६ साली स्थापन झालेला ब्रिटिश उद्योग पुढे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' म्हणून ओळखला गेला. १९६२ साली भारत सरकार व दोन राज्य सरकारांच्या सहभागाने 'मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड', म्हणजे 'मॉइल', अस्तित्वात आली आणि १९७७ मध्ये परकीय भाग संपुष्टात आला. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण या तिच्याच. प्रत्येक हस्तांतरात कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले, आणि प्रत्येक पिढीने आपल्या पद्धतीने नावे लिहिली.

आता तक्त्यांकडे येऊ. खाणीच्या शोधासाठी जमिनीत छिद्र पाडतात, खडकाची गोल कांडी बाहेर काढतात आणि तिची नोंद ठेवतात. डेटाबेसात या नोंदी साधारणतः चार तक्त्यांत विभागलेल्या असतात. पहिल्यात छिद्राच्या तोंडाची जागा व उंची. दुसऱ्यात छिद्र कोणत्या दिशेला किती कलत गेले. तिसऱ्यात इतक्या मीटरपासून तितक्या मीटरपर्यंत कोणता खडक. चौथ्यात रासायनिक पृथक्करण, म्हणजे मँगनीज किती टक्के, लोह किती, फॉस्फरस किती. या चौघांना एकत्र बांधणारे सूत्र म्हणजे छिद्राचा क्रमांक. नकाशाचे सॉफ्टवेअर पृष्ठभाग दाखवते; त्याला या खोलीची खबर नसते. प्लगइन मध्ये उभे राहते, डेटाबेसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारते, मिळालेल्या उत्तराला अक्षांश-रेखांशांचे रूप देते आणि नकाशावर ठिपका उमटवते. ठिपक्याला स्पर्श करताच खालचे थर एकाखाली एक उलगडतात.

आज महाविद्यालयांतून सर्रास वापरले जाणारे 'क्यूजीआयएस' हे मुक्त सॉफ्टवेअर मुळात याच गरजेतून जन्माला आले, ही बाब लक्षणीय आहे. अलास्कातील गॅरी शर्मन यांनी २००२ साली ते सुरू केले तेव्हा 'पोस्टजीआयएस' या डेटाबेसातली माहिती पडद्यावर पाहता यावी एवढाच माफक हेतू होता. जोडणी ही त्यात नंतर आलेली सोय नाही, तोच त्याचा आरंभ आहे. २००७च्या सुमारास पायथन भाषेत प्लगइन लिहिण्याची वाट खुली झाली आणि ज्याला जी जोडणी हवी ती त्याने स्वतः लिहावी असा प्रकार सुरू झाला.

यंत्राने जोडायचे म्हणजे दोन तक्त्यांत समान असे काहीतरी हवे. ते तीन प्रकारचे असू शकते : नाव, क्रमांक किंवा स्थान. नावावरून जोडायला जावे तर एका तक्त्यात 'डोंगरी बुजुर्ग', दुसऱ्यात 'डोंगरी बु.', तिसऱ्यात रोमन लिपीतून परत आलेले 'डोंगरी बुझर्ग'. मानवी वाचकाचे बोट तिन्ही ठिकाणी निःशंक थांबते. यंत्राला ती तीन गावे वाटतात. 'सीतासावंगी' रोमनमध्ये गेले आणि तेथून यंत्राकरवी परतले की 'सीतासाओंगी' होते. 'चिखला' परतताना 'चिकला' होतो आणि कानावर पडणारा चिखल नाहीसा होतो. त्यातही नकाशांच्या ज्या फायली दीर्घकाळ प्रचारात होत्या, त्यांत रकान्याचे शीर्षक दहा अक्षरचिन्हांपलीकडे जाऊ शकत नसे आणि देवनागरीची नीट सोय नसे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली मराठी गावे अशा फायलीत गेली की प्रश्नचिन्हांची किंवा असंबद्ध रोमन अक्षरांची रांग होऊन बाहेर पडत. ज्यांनी त्या काळात मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला असेल त्यांना हे दुःख सांगावयास नको.

म्हणून व्यवहारी माणूस नाव सोडतो आणि स्थान धरतो. लंबगोलांचे रूपांतर बरोबर केले तर अक्षांश-रेखांश दगा देत नाहीत. जोडणी चोख होते. मग नावाचा रकाना हळूहळू शोभेचा होतो, आणि शोभेच्या वस्तू जागा अडवतात म्हणून एक दिवस काढूनही टाकल्या जातात. आमची हरकत येथे आहे. 'डोंगरी' हे पद त्या खडकाच्या चिवटपणाची नोंद होते, 'बुजुर्ग' हे पद त्या मुलखाच्या दप्तराची. रकाना पुसला की दोन्ही नोंदी पुसल्या जातात, आणि स्थान बिनचूक असल्यामुळे काही गेले असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गोंडांच्या नावाने खडक ओळखला जातो. पण त्या टेकडीला गोंडी बोलीत काय म्हणतात, यासाठी तक्त्यात मुळात रकानाच नाही.

दुसरी हरकत अर्थनिर्णयाची. सौसर थरांशेजारी जो 'तिरोडी नीस' नावाचा खडक आहे, तो त्या थरांचा प्राचीन पाया आहे की त्यांच्याच समूहाचा रूपांतरित भाग, याविषयी भूशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद राहिले. जुन्या अहवालांत त्यांची बाजू-प्रतिबाजू सविस्तर वाचावयास मिळते. डेटाबेसात मात्र 'शैलसमूह' या रकान्यात एकच किंमत मावते. ज्या वर्षी तक्ता भरला त्या वर्षीचे प्रचलित मत तेथे बसते आणि नकाशावर रंग होऊन निःसंदिग्धपणे पसरते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील पाठभेद काढून टाकून एकच पाठ छापावा आणि तळटीप देऊ नये, तसा हा प्रकार. आपल्या शास्त्रात अशा आवृत्तीला आपण चिकित्सक म्हणत नाही.

याचा अर्थ जोडणी नको असा मुळीच नाही. १९०९चा ग्रंथ काही ग्रंथालयांपुरता होता. खाणीशेजारच्या गावकऱ्याच्या हाती तो पडण्याची शक्यता शून्य. १९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने 'राष्ट्रीय भूविज्ञान विदा भांडार' खुले केले. सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावरूनही नकाशे मिळतात. तुमसरच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या पायाखाली मनसरचा थर आहे की सीतासावंगीचा, हे आता घरबसल्या पाहता येते. ज्या जिल्ह्याची भातशेती मालगुजारी तलावांच्या पाण्यावर उभी राहिली, तेथे खाली कोणता खडक पाणी धरतो आणि कोणता सोडतो, हे ज्ञान सार्वजनिक होणे ही लहान गोष्ट नव्हे. पिढ्यानपिढ्या ते खाण मालकाच्या आणि सरकारच्या कपाटात होते.

आमचे म्हणणे एवढेच, की जोडणी लिहिणाऱ्याने नावाला आणि मतभेदाला जागा ठेवावी. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. गावाच्या नावांचा एक स्वतंत्र तक्ता करावा : देवनागरी रूप, रोमन रूपे, जुन्या अहवालांतील रूप, स्थानिक बोलीतील रूप, आणि प्रत्येकापुढे साल. त्याला स्थानाशी बांधावे. शैलसमूहाच्या रकान्याशेजारी 'कोणाच्या मते, कोणत्या वर्षी' असा आणखी एक रकाना असावा. हे काम एकट्या भूशास्त्रज्ञाकडून होणार नाही. 'बुजुर्ग' आणि 'बुद्रुक' एक आहेत हे त्याला कोणीतरी सांगावे लागेल. भाषेच्या विभागांत दरवर्षी स्थलनामांवर प्रबंध लिहिले जातात आणि कपाटात जातात. त्यांच्या परिशिष्टांतील याद्या या तक्त्यात बसू शकतात. विदर्भातील एखाद्या महाविद्यालयात मराठीचा आणि भूशास्त्राचा विद्यार्थी एका संगणकासमोर बसले, तर तुमसर तालुक्यापासून आरंभ करता येईल. फर्मर यांच्या चौथ्या भागातील ठेव्यांची नावे एकीकडे, तालुक्याची ग्रामसूची दुसरीकडे. पहिले काही दिवस यंत्र बाजूला ठेवून बोटानेच जुळवावे लागेल.